काही नाही, गॅसचं बोलत होतो

त्या दुपारी आपण दोघांनी गाडीत बसून लसूण सोलला. गाडीला कुठं जायचं नव्हतं. अंगणात चिंचेखाली उभी, इंजिन चालू, काच बोटभर खाली. लोडशेडिंगमुळं दुपारची लाईट गेली की घरातला पंखा बंद, वर पत्रा तापलेला, आणि आजारानंतर तुला उकाडा म्हणजे अंगावर निखारे टाकल्यागत व्हायचं. म्हणून जेवणं झाली की मी तुला धरून गाडीत बसवायचो आणि वाऱ्याची झडप माझ्याकडं वळवून एसी लावायचो. शेजारपाजारचे म्हणायचे, म्हातारा-म्हातारी गाडीत राहायला गेली, आता घर भाड्यानं देणार. तुला त्याचं काही नव्हतं. मांडीवर सूप घेऊन तू निवांत बसायचीस.

"गाडीला लसणाचा वास लागंल," तू म्हणालीस.

"लागू दे," मी म्हणालो.

मग पाकळी नखानं फोडता फोडता तू सहज विचारलंस, "त्या दिशी खेडच्या घाटात काय बोलत व्हता वो तुमी?"

"काय न्हाई. गॅसचं बोलत व्हतो."

तू मान हलवलीस आणि पुढचा गड्डा घेतलास. दुसऱ्या दिवशी पहाटे मी हाक मारली तर तू ओ दिली नाहीस.

मी गॅसचं बोलत नव्हतो. काय बोलत होतो ते सांगतोच आता, पण मला मधूनच धरून सांगता येत नाही, तुला माहीत आहे. गाडी काढायची तर आधी पाणी बघायचं, तेल बघायचं, मग चावी. म्हणून आधी गॅसचंच सांगतो. तसं ते तुझ्यासमोरच झालेलं आहे. पण आता तुझ्याशी बोलायचं तर मागचं बोलण्याशिवाय माझ्याकडं आहे काय?

ही पांढरी गाडी घेतली तेव्हा आपली मंगल शाळेत होती. नारायणगावच्या एका डॉक्टरनं नवी गाडी घेतली आणि ही मला दिली. डॅशबोर्डाखाली एसीची पेटी बसवलेली. जुन्नरच्या स्टँडवर तेव्हा एसीची गाडी दुसरी नव्हती. लेण्याद्रीला दर्शनाला येणारी पुण्याची मंडळी उन्हाची आधी माझ्याच गाडीत चढायची. मी लई ऐटीत होतो. तू मात्र त्या पेटीची दुश्मन. तुझ्या आईच्या अंगावरून वारं गेलेलं. खळ्यावर उघड्यावर झोपली, सकाळी उठली ती अर्धं अंग लुळं घेऊन. तेव्हापासून गार वारं म्हणजे तुझ्या लेखी वैरी. निरगुडसरला तुझ्या माहेरी निघालो की मी एसी लावायचो, तू काच खाली करायचीस. मी म्हणायचो काच वर घे, गार बाहेर जातंय. तू म्हणायचीस, जाऊ दे की, ते बाहेरचंच हाय. मंचरपर्यंत हेच. डॉक्टरला विचारू म्हणालो तर म्हणालीस, डॉक्टरच्या आईच्या अंगावरनं गेलंय का वारं?

पुढं मला रात्रीचं कमी दिसायला लागलं, गिऱ्हाईक कमी झालं, एसीतला गॅस कुठूनतरी हळूहळू गळून गेला. त्या गाडीत जो गॅस लागायचा तो बाजारातून बंदच झाला म्हणाले, वर आभाळाला भोक पडतं त्यानं. मी म्हणालो पडू दे बंद. तू जिंकलीस म्हणून त्या दिवशी शिरा केलास. मला वाटलं संकष्टी सुटली असेल.

मग तुझ्या छातीत ती गाठ निघाली.

ऑपरेशन झालं ते तू सोसलंस. मग पुण्याचे डॉक्टर म्हणाले, आता मशीनच्या किरणांचा शेक द्यायचा, रविवार सोडून रोज, आणि मधेच सोडला तर केलं-सवरलं सगळं पाण्यात. मंगल भोसरीला राहते, ती म्हणाली माझ्याकडं राहा आई. तू ऐकलं नाहीस. आपल्या अंथरुणाशिवाय झोप लागत नाही म्हणालीस. तर रोज जुन्नर ते पुणे आणि पुणे ते जुन्नर. ऐन उन्हाळा. जाताना सकाळचं ठीक होतं. येताना चाकणला ट्रकांच्या रांगेत गाडी उभी राहायची आणि वरनं टप असा तापायचा की हात लावला तर चटका. तुझी शेकलेली कातडी काळी पडलेली, तिला साधा पदर लागला तरी तू दात दाबायचीस. आणि खिडकीतून येणारं वारं तर भट्टीच्या तोंडातलं.

एक दिवस घरी आल्यावर ओट्यावर बसून तू म्हणालीस, "उद्यापास्नं मी येणार न्हाई. तिकडं शेकत्यात, येताना तुमी भाजताय. मी काय वांगं हाय?"

मी हसलो. तू हसली नाहीस. तेव्हा कळलं की हे खरं बोलतेय. तू एकदा न्हाई म्हणालीस की संपलं, हे मी जन्मभर बघितलं होतं. मंगल फोनवर रडली. तू म्हणालीस, रडून गार हुतंय का?

रात्रभर मला एकच दिसत होतं. गाडी गार झाली तर ही येईल. पण गाडी गार करायची तर ती पेटी चालू करायची, आणि त्या पेटीला तू घाबरतेस. सकाळी तुला म्हणालो, एसी करून घेतो, मग तरी येशील? तू सुपातले तांदूळ निवडून संपवलेस. मग म्हणालीस, "बगा. पण मला इचारल्याबिगर त्यात काय भरायचं न्हाई."

म्हणून तर तुला मंचरला बबन मिस्त्रीकडं घेऊन गेलो. तो गाड्यांच्या एसीचंच काम करतो. त्यानं बॉनेट उघडलं आणि म्हणाला, काका, जुना गॅस आता विसरा. कुणी डब्यात देतो म्हणाला तरी घेऊ नका, आत काय असंल देव जाणे. दोन रस्ते आहेत. एक मिक्स गॅस आहे, तो आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा चुलतभाऊ. जुन्या तेलात चालतो, काही बदलायला नको, तासाभरात गाडी गार. दुसरा नवा गॅस, नव्या गाड्यांत भरतात तो. पण त्याला जुनं तेल चालत नाही. सगळं तेल काढायचं, रबराच्या रिंगा बदलायच्या, आतली ओल शोषणारी ड्रायरची बाटली नवी टाकायची. नाहीतर कॉम्प्रेसर जाम.

मी म्हणालो, पहिला भर. तासाभरात होतंय तर कशाला खोला.

तू स्टुलावर बसली होतीस, डोक्यावर पदर धरून. म्हणालीस, "चुलीचा गॅस?"

बबन म्हणाला, "तसलाच, मावशी. थोडाच भरायचा असतो."

"आन् कुटं गळला तर?"

"तर मग... काडी ओढायची न्हाई गाडीत."

तू माझ्याकडं बघितलंस. मी तेव्हा बिडी ओढत होतो. "ह्यांच्या शेजारी बसून सिलेंडर घेऊन पुण्याला जाऊ व्हय मी? मला दवाखान्यात न्यायचंय का पेटवायचंय, ते एकदा ठरवा."

बबनला हसू आवरेना. मला राग आला. मी म्हणालो सगळीकडं भरतात, अर्ध्या तालुक्याच्या जुन्या गाड्या ह्याच्यावर चालतात, आणि त्यो दुसऱ्यापेक्षा गार पण जास्त करतो. तू म्हणालीस, भरू देत अर्ध्या तालुक्यानं. हे भांडण आपलं मिटलंच नाही. आजही माझं म्हणणं तेच आहे, पहिला गॅस भरला असता तर तुला अजून गार लागलं असतं. आणि तुझं म्हणणंही तेच असणार. राहू दे.

तर दुसरा रस्ता. बबननं कॉम्प्रेसर उतरवून उलटा केला, काळं तेल ताटलीत काढलं. थेंबही ठेवायचा नाही म्हणाला, नव्याला जुनं मानवत नाही. तू म्हणालीस, माझ्या सासूला सांगायचं हुतं हे. मग रिंगा. शेजारच्या स्पेअरपार्टवाल्या शेठच्या दुकानातून ड्रायरची बाटली आली. शेठ म्हणाला, काका, ह्यापेक्षा गाडी विका ना. तू म्हणालीस, आधी बाटली द्या. मग पंपानं आतली हवा ओढली, गॅस भरायला सुरुवात केली आणि जोडांना साबणाचा फेस लावला. बबन एकीकडं बघत होता. तू स्टुलावरून वाकून म्हणालीस, इथं बुडबुडा आला बगा. खरंच आला होता. त्यानं तो जोड परत आवळला. तुझ्या तोंडावर त्या दिवशी पहिल्यांदा जरा उजेड बघितला मी.

सगळं झाल्यावर बबन म्हणाला, "काका, एक सांगतो. गॅस निववणारी पुढची जाळी जुनीच, तिच्यावर नवा गॅस म्हणजे आधीसारखा बर्फ नाय व्हायचा. गाडी पळती असली की गार. उभी राहिली की कमी. पुढं एक जादा पंखा लावलाय, तेवढाच आधार."

तू म्हणालीस, "ह्यांचंच हाय की मग. पळत व्हते तवर ठीक. घरात बसल्यापास्नं काय उपेग न्हाई."

बबन माझ्याकडं बघून म्हणाला, "बसा काका, च्या सांगतो."

दुसऱ्या दिवसापासून तू यायला लागलीस. कटकट नाही, काच खाली नाही. डोक्याला माझं जुनं उपरणं घट्ट गुंडाळायचीस, वरून पदर, फक्त डोळे न् नाक दिसायचं. मे महिन्यात तसला अवतार बघून पेट्रोल पंपावरचा माणूस विचारायचा, आजींना थंडी-ताप आहे का. मी म्हणायचो होय. तू पुढं बघत गप बसायचीस. मला वाटलं, चला, मानलं हिनं शेवटी. वाऱ्याशी तुझी सोयरीक झाली असं मी समजलो.

आणि तू गप होतीस म्हणून मला बोलावंसं वाटलं. एरवी आपलं बोलणं म्हणजे तू बोलायचं आणि मी हं करायचं. त्या दिवशी खेडच्या घाटात पुढं ट्रक बंद पडला होता. मागं रांग, पुढं रांग. दरीकडंला ऊन पांढरं झालेलं. डॉक्टर त्या दिवशी मला बाजूला घेऊन बोलले होते. तू आत होतीस. काय बोलले ते तुला मी सांगितलं नाही आणि तू विचारलं नाहीस. मी स्टिअरिंगवर हात ठेवून पुढच्या ट्रकच्या फाळक्याकडं बघत होतो, आणि आपोआप तोंडातून निघायला लागलं.

मी काय म्हणालो ते आता नीट ऐक.

तू मला जन्मभर एक बोल लावलास. म्हणायचीस, तुमी बघायला आलात तेव्हा पोह्याच्या ताटलीतून मान वर केली नाहीत. शेजारची आणून बसवली असती तरी हो म्हणाला असता. तुमच्या मामांनी स्थळ आणलं, त्यांनी मान डोलावली, तुमी बी डोलावली. लग्नात म्हणालीस, मंगल झाली तेव्हा म्हणालीस, मंगलच्या लग्नात तिच्या सासूसमोर म्हणालीस. मी कधी उत्तर दिलं नाही. आणि मामानं मरेपर्यंत टॉवेल-टोपीचा मान घेतला प्रत्येक कार्यात, हे स्थळ मी जमवलं म्हणून.

मामानं नाही जमवलं. मी तुला त्याच्या आधी बघितलं होतं, मंचरच्या स्टँडवर. मी ट्रकवर क्लीनर होतो, रस्त्याकडंला टायर बदलत होतो. तू पाटीत कोंबडी घेऊन एसटीत चढत होतीस आणि कंडक्टर म्हणाला, कोंबडीचं अर्धं तिकीट पडेल. तू म्हणालीस, काढते, पण मग तिला शीट द्या, खिडकीकडंची. अख्खी गाडी हसली. कंडक्टरनं तुला तशीच वर घेतली. मी जॅकचा दांडा हातात घेऊन हसत उभा होतो तर तू खिडकीतून माझ्याकडं बघून म्हणालीस, टायर कोण बसवणार, तुझा बा? एसटी गेली. मी पोरगी कुणाची ते तिथल्या पेरूवाल्याला विचारलं आणि त्याच आठवड्यात मामाकडं गेलो. त्याला म्हणालो, निरगुडसरला अमक्याची मुलगी आहे, तुम्हाला सुचलंय असं घरात सांगा. माझं नाव घेऊ नका. आई मला तिथंच बाईलवेडा म्हणाली असती, लग्नाआधीच. आणि पोह्यातून मान वर केली नाही, कारण तू मला ओळखशील याची धास्ती होती. टायरवाला म्हणून.

हे सगळं मी घाटात बोललो. थांबत थांबत, पण सगळं बोललो. शेवटी म्हणालो, मला कुणी डोलवलं नाही. मी तुला मागून घेतली होती.

तू पुढं बघत होतीस. मग म्हणालीस, "पाणी हाय का?"

मी बाटली दिली. तू प्यालीस, झाकण लावलंस. ट्रक हलला.

काय सांगू तुला, मला हलकंही वाटलं आणि लागलंही. म्हटलं एवढं आतड्यातलं काढून दिलं तर पाणी मागते ही. पुढचे कितीतरी दिवस मी मनात म्हणत होतो, हिला माहीतच असणार. किंवा हिला आता त्याचं काही नाही. दुखण्यापुढं कोंबडीचं तिकीट ते काय.

मग शेवटचा शेक झाला. घरी आलो. तू ओट्यावर बसलीस, उपरणं सोडलंस, आणि दोन्ही कानातून कापसाचे बोळे काढलेस. बोराएवढे. मी बघतच राहिलो.

"हे कवापास्नं?"

"पयल्या दिसापास्नं. कानातनंच तर वारं आत जातं," तू म्हणालीस. "आता सुटले बाई एकदाची."

"आन् मी खेडच्या घाटात बोलत व्हतो ते?"

"तुमी बोलत व्हता? मला वाटलं गाडीशी बोलताय. तुमी नेहमी बोलता की तिच्याशी." मग बोळे ओट्यावर ठेवत, "काय बोलत व्हता?"

"काय न्हाई. गॅसचं."

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, असं मंगल म्हणेल. पण एकदा चढलेला घाट लगेच परत चढता येत नाही गं, माझ्या वयात. उद्या सांगू म्हटलं. तू अधूनमधून विचारायचीस आणि मी गॅसवर ढकलायचो. शेवटचं त्या लसणाच्या दुपारी.

त्या बोळ्यांचा मला आधी राग आला होता. आता येत नाही. आता मला वेगळंच दिसतं. ज्या वाऱ्याला तू जन्मभर भ्यालीस, ज्यानं तुझी आई खाटेला खिळली, त्याच्या तोंडासमोर तू रोज जाऊन बसलीस. कापूस घालून, उपरणं बांधून, पण बसलीस. मी एवढी खटपट केली म्हणून. मला वाटत होतं मी तुला गार करून नेतोय. आणि तू तिथं मुठी आवळून बसलेली. ह्याचं मी तुला काही म्हणालो नाही. आता म्हणतो. लई केलंस.

तुला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत माणसं बसली होती. चूल पेटवायची नव्हती, शेजारून किटलीत चहा आला. निरगुडसरहून तुझा भाऊ आला होता, तो आता काठी टेकत चालतो. आत मंगल आणि बायका. अशा वेळी माणसं जे बोलतात तेच सगळे बोलत होते. तुझा भाऊ बशी खाली ठेवून म्हणाला, "काय बी म्हणा, तुमच्या मामांनी नेमकं स्थळ हेरलं. न्हाईतर आमची अक्का अन् दाजी, कुटं गाठ पडायची व्हती."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मामाची आठवण काढायला लागले.

मी म्हणालो, "मामांनी न्हाई. मी मागितली व्हती तिला."

तुझा भाऊ माझ्याकडं असा बघायला लागला की ह्याला काय झालं. मग हळूच म्हणाला, "दाजी, अक्काला म्हायती व्हतं का हे?"

"सांगितलं की. खेडच्या घाटात, सगळं सांगितलं."

"मग? काय म्हणाली?"

"पाणी मागितलं. कानात कापूस घालून बसली व्हती."

मग आतून मंगलचा आवाज आला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. पदर तोंडात धरून, पण हसत होती. मग दुसरी कुणीतरी, मग पडवीतली माणसं. तुझा भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला, कुणीतरी पाठ चोळली. तेवढ्यात गावातली दोन माणसं भेटायला आली, ती दारातच थांबली. घर चुकलो की काय म्हणून एकमेकांकडं बघायला लागली. मी पण हसलो. मग ते हसू माझ्या हातात राहिलं नाही, ते दुसरंच काहीतरी झालं.

जरा वेळानं तुझ्या भावानं डोळे पुसले. दारातल्या माणसांना बसायला जागा करून दिली. मग काठी बाजूला ठेवून माझ्याजवळ सरकून बसला आणि म्हणाला, "दाजी, पयल्यापास्नं सांगा."

मी पहिल्यापासून सांगितलं. आत बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.